दुखवट्याचा ठराव

मैनाबाईची चिता नीट पेटली, लोक एकेक करून निघाले, तसे दत्तोबा खळदकरही निघाले. घरी येऊन अंगणातल्या नळाखाली डोक्यावरून पाणी घेतलं, परीटघडीचा पांढरा सदरा घातला आणि मनपाची बस पकडली. खिडकीशी जागा मिळाली. हडपसर मागे पडलं, वारा तोंडावर येत राहिला, पण केस काही वाळले नाहीत. आज महापालिकेची मुख्य सभा होती, आणि सभेपुढचा तिसरा विषय मैनाबाईचा होता.

म्हणजे तिचं नाव नव्हतं त्यावर. ‘निंबवाडी येथील भाजी मंडईलगतच्या मोकळ्या जागेत महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे’ एवढंच छापलं होतं. पण तो विषय कागदावर यायच्या आधी कित्येक वर्षं तिच्या घशात होता.

निंबवाडी शहरात घेतली तेव्हा गावाला वाटलं, आता सगळं येईल. पाटी आली. घरपट्टी आली. मंडईला पत्र्याचं छत आलं, गाळे आले, गाळ्यांना कुलपं आली. भाजीवाल्या बायका मात्र होत्या तिथंच, छताबाहेर पोत्यावर बसून राहिल्या. उजाडायच्या आधी यायचं आणि दिवेलागणीनंतर उठायचं. मधल्या वेळेला जायचं कुठं, हे पुरुषांना कधी सुचलं नाही आणि बायकांनी कधी विचारलं नाही. त्यांनी पाणी प्यायचं सोडून दिलं, झालं.

मैनाबाई भाजीवर पाणी शिंपडता शिंपडता गुणगुणायची. जात्यावरच्या ओव्या तिनं मंडईत आणल्या होत्या. जातं गेलं होतं, गळा राहिला होता.

‘भरल्या बाजारात आडोसा कुठं गावंना,
लाजंच्या लुगड्याला ठिगळ कुठं मावंना.

कोरड्या घशाखाली दिस ढकलीते बाई,
पान्याच्या तांब्याला मी हात लावायची न्हाई.’

दत्तोबांनी ती ओवी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते मेथीच्या ढिगाच्या अलीकडे उभे होते, ती पलीकडे बसली होती. ही त्यांची रोजची जागा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पक्षाच्या भिंती रंगवण्यात उमेदीची वर्षं गेली. मोर्चात मैनाबाई पुढं असायची, ओवीवर घोषणा बसवायची, मागच्या बायका झेलायच्या. मोर्चे पुढं बंद झाले आणि संध्याकाळी मंडईत जायची सवय तेवढी राहिली. ते एक जुडी घ्यायचे, गरज नसली तरी. ती सभेत काय झालं विचारायची, कळलं नाही तरी. तिच्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. त्यांच्या घरी ती कधी आली नाही.

दत्तोबा कधी निवडून आले नव्हते. एकदा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, एकदा मागासवर्गासाठी, आणि एकदाचा खुला निघाला तेव्हा तिथं सर्जेरावांचा मेहुणा उभा राहिला. सर्जेराव म्हणजे पक्षाचे सभागृह नेते. शेवटी उतारवयात दत्तोबांना पक्षानं स्वीकृत सदस्य केलं. शहराच्या सभागृहात लोकांनी निवडून दिलेले बसतात आणि त्यांच्या मागे, पक्षांनी आपापल्या बळावर आत आणलेले थोडेसे हे असे बसतात. त्यांनी बोलावं, पण मत देऊ नये. हात मोजायची वेळ आली की वाढेपर्यंत पाहुण्यानं ठेवावेत तसे हात मांडीवर ठेवून बसावं. त्यातही पक्षानं एका खुर्चीत वर्षावर्षानं माणसं बदलायची ठरवलेली. या महिन्याअखेर दत्तोबांचं वर्ष संपत होतं.

वर्षभर ते बोलायची तयारी करून जात आणि वर्षभर सभा तहकूब होई. सभागृहाची रीत अशी, की कुणी नामवंत वारलं की दोन मिनिटं उभं राहायचं, श्रद्धांजली वाहायची आणि त्या दिवसाचं काम बंद. कधी एक माजी मंत्री गेले, कधी एक पहिलवान, कधी सतारवादक. दत्तोबा खिशातलं टिपण तसंच घेऊन परत यायचे.

“आज काय झालं?” मैनाबाई विचारायची.

“तहकूब.”

“तुमच्या सभंला बारमाही सुतकच हाय की हो, दत्तोबा.”

आणि हसायची. हसताना पाठीला हात लावायची. तो हात पाठीवर का जातो, हे दत्तोबांना फार उशिरा कळलं. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, बाई, पाणी किती पिता? तर म्हणाली, बुधवारी पिते. बुधवारी मंडई बंद असते. हे दत्तोबांना सांगितलं मैनाबाईच्या जावेनं, मुक्ताबाईनं. ते स्वतः दवाखान्यात गेले नव्हते. कोण म्हणून जायचं, हा प्रश्न सुटला नव्हता.

सभागृह नेत्यांच्या दालनात शिरले तेव्हा तिथं वेगळाच घोर लागलेला होता. सर्जेराव खिडकीशी उभे होते आणि पक्ष कार्यालयातला संपत फोन ठेवत होता.

“निम्मेसुद्धा नाहीत साहेब,” संपत म्हणाला. “सगळे सासवडच्या लग्नाला.”

“लग्न आजच होतं?”

“तिथी आजचीच होती.”

“पाचव्या विषयाला विरोध आहे, हात कमी पडतील. आज आला तर आपण आपटतो,” सर्जेराव म्हणाले. “तहकूब करावी लागेल.”

“गणपूर्ती नाही म्हणून?”

“म्हणजे उद्या पेपरात पंगतीचा फोटो. दुखवट्यावर करू. कोण गेलंय आज?”

संपतनं मान हलवली. “कुणीच नाही साहेब.”

“एवढ्या मोठ्या शहरात आज कुणीच गेलं नाही?” सर्जेराव खरोखरच दुखावले होते. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. “दत्तोबा, आपण भिजलात कुठं? बाहेर तर ऊन आहे.”

“मयतीला गेलो होतो.”

“कुणाच्या?”

“मैनाबाई झांबरे. आमच्या मंडईतल्या.”

सर्जेरावांनी खिडकी सोडली. “ती ओव्या म्हणणारी? मोर्चात पुढं असायची ती?”

“हो.”

“म्हणजे पक्षाच्या ज्येष्ठ कार्यकर्त्या. आणि लोककलावंतही.” ते स्वतःच दोन्ही शब्द तोलून बघत होते. “बसा दत्तोबा. संपत, चहा सांग. अहो, सकाळीच फोन करायचा नाही का आपण?”

दत्तोबा बसले. वर्षभरात या दालनात त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

“प्रस्ताव आपणच मांडा,” सर्जेराव म्हणाले. “हवं तितकं बोला, घड्याळ बघू नका. महापौर उभ्या राहतील, सभागृह उभं राहील. ठरावाची प्रत सहीशिक्क्यानं तिच्या मुलांकडे जाईल. असा मान निंबवाडीत कुणाला मिळालाय?”

चहा आला. दत्तोबांनी कप उचलला नाही. त्यांना ते सगळं दिसलं. लाकडी बाकांची ती अर्धगोल रांग, वरचे पंखे, माना खाली घातलेले सगळे, आणि त्या शांततेत मैनाबाईचं नाव. जिला उठून जायला आडोसा मिळाला नाही, तिच्यासाठी अख्खं शहर उठून उभं राहणार होतं. वर्षभर त्यांना सभागृहात जे बोलता आलं नाही, आणि त्या आधीची सगळी वर्षं मेथीच्या ढिगाअलीकडून बोलता आलं नाही, ते आज बोलता येणार होतं. कोण म्हणून बोलायचं, हेही कुणी विचारणार नव्हतं.

“आणि तिसरा विषय?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या सभेत.”

“पुढच्या सभेत मी नाही.”

“आपण नाही, पण विषय असेल ना. कुणीतरी बोलेल.”

“कोण?”

सर्जेराव चहा ढवळत राहिले. मंडईच्या गाळेवाल्यांना त्या मोकळ्या जागेत गाड्या लावायला हव्या होत्या, आणि गाळेवाले कुणाचे, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. एकदा तहकूब झाला की विषय दफ्तरी दाखल व्हायला वेळ लागत नाही.

“दत्तोबा,” सर्जेराव मऊ आवाजात म्हणाले, “मुताऱ्या काय, होत राहतात. माणूस एकदाच जातं.”

घंटा वाजली.

सभागृहात दत्तोबा आपल्या मागच्या बाकावर बसले. पुढच्या बाकांमध्ये लग्नाला गेलेल्यांच्या जागा तुटलेल्या दातांसारख्या दिसत होत्या. महापौरबाई आसनावर आल्या. सर्जेराव उठले, आवाज उतरवून म्हणाले, “सभेचं कामकाज सुरू करण्यापूर्वी सांगायला अत्यंत दुःख होतं, की आपल्या शहरातील ज्येष्ठ सामाजिक कार्यकर्त्या आणि लोककलावंत मैनाबाई झांबरे यांचं निधन झालं आहे. शोकप्रस्ताव सन्माननीय सदस्य दत्तोबा खळदकर मांडतील.”

महापौरबाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. सगळ्यांनीच मागे पाहिलं. दत्तोबा उठून उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर काही जण आधीच अर्धवट उठले, लवकर आटपावं म्हणून.

तोंडाशी एक वाक्य आलेलं होतं. ‘मैनाबाईला मी तीस वर्षं ओळखत होतो.’ ते तसंच आत राहिलं.

“महापौर,” ते म्हणाले, “काहीतरी गैरसमज झालाय. हा प्रस्ताव मी मांडत नाही.”

अर्धवट उठलेले तसेच थांबले.

“या बाई आमच्या पक्षाच्या सभासद नव्हत्या. त्यांनी कधी पावती फाडली नाही. कलावंत म्हणाल, तर कधी मंचावर गेल्या नाहीत. भाजी विकायच्या. असं कुणीतरी रोज जातं.”

“दत्तोबा, काय बोलताय आपण?” सर्जेराव वळले. “आपल्याच जवळच्या होत्या ना त्या?”

“जवळच्या नव्हत्या. ओळखीच्या होत्या. सभागृहानं उभं राहावं अशा त्या कुणी नव्हत्या.”

विरोधी बाकांवरून कुणीतरी म्हणालं, “सत्ताधाऱ्यांना आज मयतसुद्धा मिळेना.” हशा उठला आणि उठलेले सगळे खाली बसले. महापौरबाईंनी नगरसचिवांकडे पाहिलं. नगरसचिवांनी पहिला विषय वाचायला घेतला.

दत्तोबा बसले. हशा विरला तरी त्यांना तो ऐकू येत होता. पहिला विषय मंजूर झाला. दुसरा मंजूर झाला. तिसरा नीरजाताईंनी मांडला. त्या महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या, पहिल्याच खेपेच्या. त्यांच्या सहीनंच विषय इथवर आला होता. मांडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “यावर दत्तोबांना बोलायचंय.”

वर्षभर घोकलेलं टिपण खिशात होतं. त्यात मैनाबाईचं नाव चार ठिकाणी होतं, आणि ते नाव आता घेता येत नव्हतं. दत्तोबांनी टिपण काढलंच नाही.

“आमच्या मंडईत एक बाई होती,” ते म्हणाले. “भाजीवर दिवसभर पाणी शिंपडायची. पालक सुकायला नको, कोथिंबीर सुकायला नको. स्वतः एक घोट घ्यायची नाही. डॉक्टरनं विचारलं, पाणी किती पिता. म्हणाली, बुधवारी पिते. बुधवारी मंडई बंद असते, म्हणून.”

कुणी हसलं नाही. बायकांच्या बाकांवर कुणी मान वर केली नाही.

“आणखी बायका आहेत तिथं,” दत्तोबा म्हणाले. “त्या अजून बसल्यात. माझं एवढंच.”

मतदान हातांनी झालं. पलीकडच्या बाकांवरून हात वर झाले, अलीकडच्या बायकांचे झाले, मग कुणाला विरोधात दिसायचं नव्हतं म्हणून राहिलेल्यांचेही. नगरसचिव मोजत मोजत मागच्या रांगेपर्यंत आले आणि थबकले.

“स्वीकृत सदस्यांनी हात खाली घ्यावा.”

दत्तोबांनी वर पाहिलं. हात त्यांचाच होता. त्यांनी तो खाली घेतला.

विषय मंजूर झाला. पाचव्याला सत्ताधारी बाकांवरूनच कुणीतरी गणपूर्ती मोजायला लावली आणि सभा तशीही तहकूब झाली. जिन्यात नीरजाताईंनी गाठलं. “दत्तोबा, ती पाणी न पिणारी बाई म्हणजे…”

“कुणी का असेना,” दत्तोबा म्हणाले. “झालं ना काम.”

दुसऱ्या दिवशी पेपरात पंगतीचा फोटो आला, आणि खाली चौकटीत चार ओळी: ‘त्या कुणी नव्हत्या’, स्वीकृत सदस्याचा श्रद्धांजलीस नकार.

त्या दिवशी संध्याकाळी सवयीनं पाय मंडईकडे वळले. मैनाबाईची जागा रिकामी होती. पोत्याची घडी घालून मुक्ताबाईनं ती आपल्या टोपलीखाली ठेवली होती. दत्तोबा समोर उभे राहिले. मुक्ताबाई जुड्या बांधत राहिली.

“मंजूर झालं, मुक्ताबाई.”

“कळलं.”

“कामाला जरा वेळ लागेल. पण होईल.”

“व्हईल की.” तिनं दोरा दातानं तोडला. “पेपरात बी आलंय. तिच्या थोरल्यानं घरात वाचून दावलं सगळ्यांस्नी. मैना कुनी न्हवती म्हनं.”

“तसं म्हटलं नसतं तर सभा उठली असती. विषय गेला असता.”

“मी काय येडी हाय का? कळतंय मला.”

“मग मुलांना सांगा तसं.”

“काय सांगू? तुमच्या आयला भर सभंत नाकारली, म्हनून बायकास्नी आडोसा मिळाला? हे पोरास्नी कुठल्या तोंडानं सांगायचं, तुमीच सांगा.”

एक बाई मेथीचा भाव विचारून, नाक मुरडून पुढं गेली.

“तितं न्हाई म्हनला ते म्हनला,” मुक्ताबाई म्हणाली. आवाज आता खाली आला होता. “हितं कुनी पेपरवाला न्हाई. कोन व्हती ती तुमची?”

सभागृहात न बोललेलं ते सगळं भाषण कुठं गेलं होतं कोण जाणे. पक्ष, मोर्चे, ओव्या, त्यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“मला जायला जागा होती, मुक्ताबाई,” ते म्हणाले. “एवढंच.”

मुक्ताबाईनं बांधलेली जुडी सोडली आणि पुन्हा बांधली. मंडईत दिवे लागले. गाळ्यांचे लागले, छताखालचे लागले, बायकांवर त्यांचा उजेड तिरका पडला.

“दहाव्याला येऊ नका,” ती म्हणाली. “थोरला तोंडाळ हाय. चार मान्सात काय बी बोलंल, आन तुमी काय उलटून बोलायचं न्हाई. ऐकून घ्याल गप. मला बघवायचं न्हाई ते.”

“बरं.”

“राग धरू नका.”

“नाही.”

तिनं काही देऊ केलं नाही, त्यांनी काही घेतलं नाही. रस्ता ओलांडून ते घराकडे चालू लागले, आणि दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले. या वेळेला घरी जायची पायांना ओळख नव्हती.

दहाव्याच्या आदल्या दिवशी संपतचा फोन आला. “दत्तोबा, साहेब म्हणतात महिनाअखेरची वाट बघायला नको. राजीनामा उद्याच देऊन टाका. पुढच्याचं नाव ठरलंय.”

“सकाळी येतो.”

“साहेब जरा नाराज आहेत हं. दालनात जाऊ नका. परस्पर खिडकीवर द्या.”

तिकडे नदीवर मैनाबाईची मुलं पिंड मांडत असतील त्या वेळेला दत्तोबा महापालिकेच्या आवक विभागाच्या खिडकीपुढे उभे होते. तेवढ्यासाठीच ते सकाळची वेळ धरून आले होते; कुठंतरी रांगेत उभं राहायला हवं होतं. पुढं घरपट्टीची तक्रार घेऊन आलेले एक गृहस्थ होते, ते बराच वेळ भांडले. दत्तोबांना घाई नव्हती.

खिडकीतल्या बाईंनी कागद घेतला, चष्मा खाली ओढून वाचला.

“कारण लिहिलं नाहीत.”

“लिहायलाच हवं?”

“रिकामं कसं चालेल? ‘वैयक्तिक’ लिहा. सगळे तेच लिहितात.”

त्यांनी पेन मागून घेतलं. खिडकीच्या अरुंद फळीवर कागद ठेवला. शब्द साधा होता, रोज कुणीतरी या फळीवर तो लिहीत असणार. त्यांचा हात मात्र पहिल्या अक्षरावरच थांबला. मागच्या रांगेतलं कुणीतरी खोकलं, तेव्हा त्यांनी तो पुरा केला आणि कागद आत सरकवला.

बाईंनी शिक्का मारला, तारीख घातली.

“पोच हवीय का?”

दत्तोबांनी पेन परत केलं.

“दाखवायची कुणाला,” ते म्हणाले, आणि मागच्या माणसाला जागा देत बाजूला झाले.